एक्सव्ही-६ मधील ‘एमपी डॉट सी’ : फर्मवेअरचे तक्ते शोधणाऱ्या बूट-कोडचे परीक्षण

कोल्हापुरात उद्यमनगरातील एका मशिनशॉपच्या माडीवर आम्ही सहा जण गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी सकाळी कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड वाचायला बसतो. मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवणाऱ्या संगणकांची देखभाल करतो. बाकीचे पाच जण अभियांत्रिकीच्या शेवटच्या दोन वर्षांचे विद्यार्थी आहेत. संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिली ओळ उमटेपर्यंत नेमके काय घडते, हा त्यांचा मूळ प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर एका बैठकीत वाचून संपेल एवढ्या कोडमध्ये शोधायचे असे आम्ही ठरवले. त्यासाठी एक्सव्ही-६ ही प्रणाली आणि तिच्यातील ‘एमपी डॉट सी’ ही एकच फाइल निवडली. एका बैठकीचे काम सात रविवार चालले. ही फाइल अभ्यासाला घ्यावी की नाही, घेतली तर कुठे विश्वास ठेवावा आणि कुठे ठेवू नये, हे त्या वाचनाच्या आधारे येथे मांडत आहे.

एक्सव्ही-६ ही अमेरिकेतील एमआयटीमध्ये २००६ साली ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमासाठी लिहिली गेलेली छोटी प्रणाली आहे. तिची धाटणी १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची असली, तरी ती आजच्या सी भाषेत लिहिलेली आहे आणि एकाहून अधिक प्रोसेसरांवर चालते. ती विनामूल्य व मुक्त परवान्याखाली मिळते. प्रोसेसरांच्या दोन जातींसाठी तिच्या दोन आवृत्त्या आहेत, जुनी एक्स८६ ची आणि नंतरची रिस्क-फाइव्हची. जुन्या आवृत्तीची देखभाल आता थांबली असल्याचे तिच्या सोबतच्या रीडमी फाइलीतच नमूद आहे. तरीही आम्ही जुनीच घेतली, कारण फर्मवेअरने, म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच बसवलेल्या प्रोग्रामने, मेमरीत ठेवलेले तक्ते शोधण्याचा खटाटोप फक्त तिच्यातच पाहायला मिळतो. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर आणि क्यूएमू हा संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम असले की एका आज्ञेत सर्व तयार होते आणि नकली यंत्र दोन प्रोसेसर व ५१२ मेगाबाइट मेमरी घेऊन उभे राहते. मांडणीबाबत तक्रारीला जागा नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. कर्नल सुरू होतो तेव्हा यंत्रात किती प्रोसेसर आहेत, त्यांचे क्रमांक काय आहेत, इंटरप्ट (उपकरणांनी प्रोसेसरला दिलेल्या हाका) वाटून देणारी चिप कोणत्या पत्त्यावर आहे, यांपैकी त्याला काहीच ठाऊक नसते. ही माहिती बायोसने, म्हणजे पीसीच्या जुन्या धाटणीच्या फर्मवेअरने, मेमरीत तक्त्याच्या रूपाने लिहून ठेवलेली असते, परंतु तो तक्ता नेमका कुठे आहे हे कर्नलला कोणी सांगत नाही. इंटेलच्या मल्टिप्रोसेसर तपशीलपत्रात त्यासाठी एक सोय केलेली आहे. सोळा बाइटची एक छोटी रचना ठरावीक जागांपैकी एकीत असते, तिच्या आरंभी अधोरेषा, एम, पी, अधोरेषा ही चार अक्षरांची खूण असते आणि तिच्या पोटात मुख्य तक्त्याचा पत्ता असतो. करवीर तालुक्यातून येणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीने घरच्या शेताची मोजणी नुकतीच पाहिली होती. ती म्हणाली, “सर, मोजणीवाले आधी हद्दीचा दगड शोधतात, आणि दगड सापडला तरी नकाशाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढची मापे घेत नाहीत.” या फाइलीची रीत तंतोतंत तशीच आहे.

शोधाची सुरुवात मेमरीच्या १०३८ व्या बाइटपासून होते. तेथे बायोसने दोन बाइटांत आपल्या विस्तारित डेटा क्षेत्राचा पत्ता ठेवलेला असतो आणि त्याला सोळाने गुणले की खरा पत्ता मिळतो. आम्ही उदाहरणासाठी ४०,८९६ ही संख्या घेतली. सोळाने गुणल्यावर ६,५४,३३६ आले आणि त्याला १०२४ ने भागल्यावर बरोबर ६३९ किलोबाइट निघाले, म्हणजे ६४० किलोबाइटच्या जुन्या मर्यादेच्या एकच पायरी अलीकडे. विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत स्वतः केला, आणि १९८० च्या दशकातील पीसीची ती जुनी सीमा आजच्या नकली यंत्रातही जिवंत आहे हे त्यांना आकड्यातूनच पटले. या क्षेत्राचा पहिला किलोबाइट तपासला जातो. हे क्षेत्र नोंदलेलेच नसेल, तर मूळ मेमरीचा शेवटचा किलोबाइट पाहिला जातो, आणि तेथेही काही मिळाले नाही तर बायोसच्या रॉमचा भाग चाळला जातो. तपशीलपत्रातील ही उतरंड फंक्शनमध्ये जवळजवळ वाक्याला वाक्य उतरलेली आहे, आणि हा या कोडचा मला सर्वात आवडलेला गुण आहे. नियम डाव्या हाताला आणि कोड उजव्या हाताला ठेवून वाचता यावा, असा कोड फार थोड्या ठिकाणी मिळतो.

खूण सापडली एवढ्यावर हा कोड थांबत नाही. सोळाही बाइटांची बेरीज करून तिचा शेवटचा बाइट शून्य येतो का, हे तो पाहतो. आम्ही फळ्यावर एक नमुना मांडला. खुणेची चार अक्षरे ९५, ७७, ८०, ९५ यांची बेरीज ३४७, पत्त्याचे चार बाइट १४४, ९०, १५, ० यांची २४९, लांबीचा १ आणि आवृत्तीचा ४ मिळून एकूण ६०१ झाले. चेकसमच्या, म्हणजे बेरीज जुळवण्यासाठी राखलेल्या, बाइटमध्ये १६७ लिहिले आणि उरलेले बाइट शून्य ठेवले की बेरीज ७६८ होते, म्हणजे २५६ ची बरोबर तिप्पट, आणि आठ बिटांत उरते शून्य. येथे एका विद्यार्थ्याने विचारले की पत्त्याच्या दोन बाइटांची अदलाबदल झाली तर काय होईल. बेरीज तीच राहील आणि चूक पकडली जाणार नाही. हा प्रश्न त्याला स्वतःला सुचला, यातच या फाइलीचे शिकवण्याचे सामर्थ्य दिसते. ही तपासणी अपघाताने जुळलेल्या अक्षरांना दूर ठेवण्यापुरती आहे आणि तेवढे काम ती नीट करते. पुढे मुख्य तक्त्याचीही खूण, आवृत्ती आणि बेरीज याच पद्धतीने पडताळली जाते.

कोडमध्ये लिहिलेल्या टिपण्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. तक्त्याच्या विस्तारित भागाचा चेकसम तपासणे बाकी आहे, असे लेखकांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. इंटरप्ट वळवणाऱ्या एका जुन्या रजिस्टरविषयी, हा भाग बॉक्स या नकली यंत्रावर चालत नाही पण खऱ्या यंत्रावर चालेल, अशीही टिपणी आहे. आपला कोड कुठपर्यंत जातो हे इतक्या उघडपणे लिहिलेले असले की वाचणाऱ्याचा वेळ वाचतो. मात्र एका टिपणीने आमचा एक पूर्ण रविवार घेतला. रॉमचा भाग ८९६ किलोबाइटपासून १ मेगाबाइटपर्यंत पाहावा असे टिपणीत लिहिले आहे, आणि कोड प्रत्यक्षात ९६० किलोबाइटपासून पुढचे ६४ किलोबाइटच पाहतो. लिनक्सचा कर्नलही याच खुणेसाठी ९६० किलोबाइटपासूनच चाळणी करतो. ८९६ ही सीमा एसीपीआयच्या, म्हणजे अशाच तक्त्यांच्या नंतरच्या मानकाच्या, मूळ खुणेच्या शोधाला लागू होते. टिपणी आणि कोड यांत तफावत आढळली की कोड काय करतो ते आधी पाहावे, ही सवय आमच्या मुलांना येथे लागली, परंतु एकट्याने शिकणारा वाचक या जागी निश्चितच गोंधळेल.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. शोधणारा लूप प्रत्येक वेळी रचनेच्या आकाराएवढा पुढे सरकतो. रचना सोळा बाइटांची आणि ती सोळाच्या पटीतील पत्त्यावरच असावी हा नियम, या दोन गोष्टींचा आकडा योगायोगाने एकच असल्यामुळे येथे काही बिघडत नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने याच फंक्शनची नक्कल करून एसीपीआयची खूण शोधणारे फंक्शन लिहिले. एसीपीआयच्या पहिल्या आवृत्तीतील ती रचना २० बाइटांची असते, पण तिलाही सोळाच्या पटीतील पत्त्याचाच नियम आहे. त्याचा लूप वीस-वीस बाइटांनी उड्या मारू लागला, त्यामुळे सोळाच्या पटीतील दर पाच जागांपैकी एकच जागा तपासली जात होती आणि खूण काही केल्या सापडेना. तो दोन तास खुणेची अक्षरे पुन्हा पुन्हा पाहत होता, कारण त्या खुणेची आठ अक्षरे असून शेवटचे अक्षर रिकामी जागा आहे, आणि तीच राहून गेली असावी असा त्याचा समज झाला होता. पायरी सोळा केल्याबरोबर खूण मिळाली. मूळ फाइलीत पायरीला स्वतंत्र नाव दिले असते तर हा नियम वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहिला असता.

आता या परीक्षणातील सर्वात महत्त्वाच्या दोषाकडे येतो. मुख्य तक्त्यात एकामागून एक नोंदी असतात. प्रत्येकीचा पहिला बाइट तिचा प्रकार सांगतो : ० म्हणजे प्रोसेसर, १ म्हणजे बस, २ म्हणजे इंटरप्ट वाटणारी चिप, ३ आणि ४ म्हणजे इंटरप्टच्या जोडण्या. प्रोसेसरची नोंद २० बाइटांची आणि बाकीच्या सर्व ८ बाइटांच्या असतात. ओळखीची नोंद आली की कोड पॉइंटर (वाचनाचा चालू पत्ता) तेवढा पुढे नेतो आणि लूप चालू ठेवतो. अनोळखी प्रकार आला, तर तो ‘हे यंत्र योग्य नाही’ अशी खूणगाठ एका चलात ठेवतो आणि ‘ब्रेक’ म्हणतो. सी भाषेत हा ब्रेक फक्त आतल्या स्विचमधून (प्रकारानुसार शाखा निवडणाऱ्या रचनेतून) बाहेर पडतो, लूपमधून नाही. पॉइंटर जागेवरच असतो, त्यामुळे लूप पुन्हा त्याच बाइटवर येतो, पुन्हा तोच निर्णय घेतो आणि हे कधीच थांबत नाही. लूपनंतर योग्य यंत्र सापडले नाही असा संदेश छापून थांबण्याची ओळ लिहिलेली आहे, परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्याची एकमेव वाट या न संपणाऱ्या फेऱ्यातूनच जाते, म्हणजे ती ओळ कधीच चालत नाही. आम्ही डीबगरने चेकसमची तपासणी संपल्यावर यंत्र थांबवले, पहिल्या नोंदीचा प्रकार ० चा ९ केला आणि पुढे सोडले. पडदा तसाच राहिला. दहा मिनिटांनी पुन्हा थांबवून पाहिले, तर पॉइंटर त्याच बाइटवर होता.

क्यूएमूच्या बायोसचा तक्ता नीटनेटका असल्यामुळे हा दोष एरवी दिसत नाही. खऱ्या यंत्रावर मात्र तो दिसला तर शोधणाऱ्याला कसलाच धागा मिळणार नाही, कारण पडद्यावर एक अक्षरही येत नाही. माझ्या कामावरच्या अनुभवामुळे मला हे विशेष लागले. फाउंड्रीतील एक संगणक एकदा वीज गेल्यानंतर असाच काळ्या पडद्यावर थांबला होता, आणि चुकीचा संदेश जरी आला असता तरी आमची अर्धी पाळी वाचली असती. आरंभीच्या कोडमध्ये चूक झाल्यास बोलून थांबणे हे पहिले कर्तव्य मानले पाहिजे. येथे ते कर्तव्य लेखकांच्या मनात होते, संदेशही लिहिलेला होता, फक्त वाट चुकली. दुरुस्ती एका ओळीची आहे : अनोळखी नोंद दिसताच त्या शाखेतच संदेश छापून थांबावे.

याच लूपमध्ये दुसरी एक तपासणी राहून गेली आहे. प्रोसेसरच्या नोंदीत हा प्रोसेसर वापरण्याजोगा आहे का, हे सांगणारा एक बिट असतो आणि तो शून्य असेल तर त्या प्रोसेसरला हात लावू नये असा नियम आहे. हा कोड तो बिट पाहतच नाही आणि आठाच्या मर्यादेपर्यंत प्रत्येक नोंद जिवंत प्रोसेसर म्हणून मोजतो. पुढे दुसऱ्या फाइलीत पहिला प्रोसेसर बाकीच्यांना एकेक करून जागे करतो आणि प्रत्येकाने ‘मी उठलो’ अशी खूण करेपर्यंत रिकाम्या लूपमध्ये वाट पाहतो. बंद ठेवलेला प्रोसेसर यादीत असला, तर ही वाट कधीच संपणार नाही. तक्त्याच्या पत्त्याबाबतही थोडी सावधगिरी हवी. कर्नल भौतिक मेमरीचे पहिले २२४ मेगाबाइट आणि अगदी वरचा उपकरणांचा पट्टा एवढेच आपल्या नकाशात घेतो, त्यामुळे तक्ता मधल्या भागात असेल तर त्याची खूण वाचण्यापूर्वीच कर्नल कोसळेल.

तुलनेसाठी आम्ही लिनक्समधील समांतर भाग पाहिला. २०१९ मधील ५.१ या आवृत्तीपासून एक्स८६ चा कर्नल दाबून ठेवलेल्या रूपातून स्वतःला उलगडत असतानाच एसीपीआयची मूळ खूण शोधू लागला, जेणेकरून नंतर काढून घेता येईल अशा मेमरीत त्याने स्वतःला नेऊन ठेवू नये. त्याचा क्रम शिकण्यासारखा आहे. बूट लोडरने, म्हणजे कर्नल मेमरीत आणणाऱ्या प्रोग्रामने, पत्ता दिला असेल तर तो घ्यायचा, नसेल तर यूईएफआय या नव्या धाटणीच्या फर्मवेअरला विचारायचे, आणि तेथेही नाही मिळाला तरच जुनी मेमरी चाळायची. आवृत्ती दुसरी किंवा पुढची असेल तर २० बाइटांच्या बेरजेनंतर ३६ बाइटांची दुसरी बेरीजही पाहिली जाते. हा कोड अधिक पक्का आहे, परंतु आजूबाजूच्या शंभर गोष्टी ठाऊक असल्याशिवाय तो उलगडत नाही, आणि आमच्या मुलांना एक्सव्ही-६ वाचल्यानंतरच तो समजला. एक्सव्ही-६ च्या रिस्क-फाइव्ह आवृत्तीत क्यूएमूच्या एका ठरलेल्या बोर्डाचे पत्ते थेट फाइलीत लिहिलेले आहेत. तेथे शोधच नाही, म्हणून चुकण्याची शक्यताही नाही, पण ज्यासाठी आम्ही बसलो होतो तो धडाही नाही.

माझे मत असे की, यंत्र जागे होताना काय घडते हे ज्याला हाताने चाचपून पाहायचे आहे, त्याने ही फाइल अवश्य घ्यावी आणि क्यूएमूवरच चालवावी. कारखान्यातील किंवा घरातील खऱ्या यंत्रावर ती आहे तशी नेऊ नये. आमच्या प्रतीत आम्ही अनोळखी नोंदीची शाखा दुरुस्त केली, वापरण्याजोग्या प्रोसेसरचा बिट तपासला, शोधाच्या पायरीला नाव दिले आणि रॉमच्या सीमेची टिपणी कोडशी जुळवून घेतली. चारही बदल विद्यार्थ्यांनी केले आणि सर्व मिळून वीस ओळींच्या आत बसले. सी भाषेतील पॉइंटर ज्याला नीट येत नाहीत, त्याने मात्र आधी ते शिकून घ्यावेत, कारण या फाइलीत जवळजवळ प्रत्येक ओळीला मेमरीच्या नुसत्या पत्त्याला रचनेचा आकार दिला जातो.

पहिल्यांदा चालवताना प्रोसेसरांची संख्या दोनऐवजी चार ठेवावी. पडद्यावर सुरू झालेल्या प्रोसेसरांच्या चार ओळी १, २, ३ आणि मग ० अशा क्रमाने येतात. आमच्या मुलांना आधी ही चूक वाटली होती. शून्य क्रमांकाचा प्रोसेसर तक्त्यातील यादी घेऊन प्रत्येकाला उठवतो, त्याने खूण करेपर्यंत थांबतो आणि तिन्ही उठल्यानंतरच स्वतःची ओळ छापतो.